पिकअप गाडीच्या पुढील चाकांची थरथर : निदान व दुरुस्ती

शेतातील माल बाजारपेठेत नेण्याचे काम पूर्वी बैलगाडी करीत असे. आज बहुतेक बागाईत भागांत ते पिकअप गाडीकडे आले आहे. हंगामाच्या दिवसांत नारायणगावच्या टोमॅटो बाजारात अथवा लासलगाव व पिंपळगाव बसवंत येथील कांदा बाजारात सकाळी गेल्यास ह्या गाड्यांच्या रांगा दृष्टीस पडतात. ह्या गाड्यांमध्ये एक दोष वारंवार आढळून येतो. गाडी चांगल्या वेगात असताना एखाद्या खड्ड्यावरून किंवा पुलाच्या सांध्यावरून जाते आणि पुढील दोन्ही चाके एकाएकी डावी-उजवीकडे जोराने हेलकावू लागतात. स्टिअरिंग हाताला हिसके देते, समोरचा पत्रा खडखडतो आणि वेग अगदी कमी केल्याशिवाय ही थरथर थांबत नाही. कारागीर ह्यास ‘वॉबलिंग’ म्हणतात. अमेरिकेत असाच दोष असणाऱ्या गाड्यांच्या चालकांनी त्यास मृत्यूचे नाव जोडून ठेवले आहे, आणि ज्याने तो एकदा अनुभवला आहे त्यास ते नाव अतिशयोक्तीचे वाटणार नाही.

कृषी पत्रिकेत मोटारीच्या दोषाची चर्चा कशास, असे काही वाचकांस वाटेल. परंतु पीक घेण्यात जी मेहनत व पैसा खर्ची पडतो, त्याचे मोल बाजाराच्या ओट्यावर माल उतरल्यावरच हाती येते. भरलेली गाडी घाटात हाताबाहेर गेली तर मालाचेच नव्हे, माणसांचेही मोल द्यावे लागते. शिवाय ह्या एका दोषापायी शेतकरी बंधूंचा जो पैसा व्यर्थ जातो, तोही थोडा नाही. नवे टायर घातले जातात, बॅलन्सिंग केले जाते, डँपर बदलला जातो. काही आठवडे गाडी शांत राहते आणि पुन्हा पूर्वीसारखी थरथरू लागते. असे होण्याचे कारण एवढेच की, थरथर सुरू करणारे कारण वेगळे असते आणि ती वाढू देणारे कारण वेगळे असते. पहिले दूर केले व दुसरे तसेच ठेवले, तर दोष गेला असे होत नाही. तो दबा धरून बसतो.

थरथर कशी उत्पन्न होते

बैलगाडीचे चाक आसाभोवती केवळ फिरते. मोटारीच्या पुढील चाकास ह्याखेरीज वळावेही लागते, आणि त्यासाठी ते एका उभ्या खुंटीवर बसविलेले असते. जुन्या जीपमध्ये व पुढे पाटे असलेल्या अनेक मालवाहू गाड्यांत ह्या खुंटीस किंगपिन म्हणतात. दोन्ही चाके टाय रॉड नावाच्या आडव्या दांड्याने एकमेकांस जखडलेली असतात, म्हणजे एक वळले की दुसरे वळते. ही खुंटी अगदी उभी नसते. तिचे वरचे टोक किंचित मागे कललेले असते. ह्या कलास कास्टर म्हणतात. त्यामुळेच वळण संपल्यावर स्टिअरिंग सैल सोडले असता चाके आपोआप सरळ होतात.

आता हाच गुण संकट कसा होतो ते पाहावे. खड्ड्याच्या धक्क्याने चाक उजवीकडे ढकलले गेले, तर ते सरळ होण्यास धावते. परंतु नेमके मध्यावर न थांबता किंचित डावीकडे जाते, व तेथून पुन्हा परतते. सर्व सांधे घट्ट असतील, तर असे एक-दोन हेलकावे होऊन चाक स्थिर होते. सांध्यांत ढिलाई असेल, तर त्या ढिलाईपुरते चाक कोणाच्याच ताब्यात नसते. धावत्या गाडीचा जोर मग प्रत्येक हेलकाव्यास भर घालतो. झोपाळ्यावरील मुलास दर फेरीस योग्य वेळी थोडासा धक्का दिला तरी झोका कसा चढत जातो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. येथेही तेच घडते. फरक इतकाच की हे झोके सेकंदास अनेक वेळा पडतात.

आपल्या गाडीची रचना कोणती, हे पुढून वाकून पाहिल्यास समजते. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच जाड लोखंडी एक्सल आडवा गेलेला दिसला, तर ती अखंड आसाची गाडी होय. एका चाकाचा धक्का दुसऱ्यास सरळ पोचत असल्यामुळे उग्र थरथर प्रामुख्याने अशाच गाड्यांत होते. प्रत्येक चाकास स्वतंत्र हात व गुंडाळी स्प्रिंग असेल, तर थरथर बहुधा सौम्य असते. तेथे किंगपिनच्या जागी बॉल जॉइंट व हातांचे रबरी बुश तपासावयाचे. बाकीची परीक्षा बहुतांशी सारखीच.

लक्षणांवरून अंदाज

गाडी कारागिराकडे नेण्यापूर्वी चालकाने थरथरीचा स्वभाव ध्यानात ठेवला, तर निम्मे निदान तेथेच होते. सपाट रस्त्यावर ठराविक वेगाला, समजा ताशी ६० किंवा ७० किलोमीटरला, बारीक कंप येतो आणि वेग त्यापुढे गेला की तो कमी होतो, अशी तक्रार असल्यास दोष चाकाच्या तोलात, टायरमध्ये किंवा रिममध्ये शोधावा. केवळ ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल, तर ब्रेकची डिस्क किंवा ड्रम प्रथम तपासावे. डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिली नाही किंवा ड्रमचा गोलपणा गेला, म्हणजे असे होते. आणि खड्ड्याचे निमित्त होऊन थरथर सुरू होते, वाढत जाते व वेग पुष्कळ उतरेपर्यंत हटत नाही, असे असेल तर कोठेतरी सांधा ढिला आहे असे धरूनच कामास लागावे.

ह्या तिन्हींहून निराळे एक लक्षण आहे व ते सर्वांत घातक. अलीकडेच पंक्चर काढले आहे, आणि त्यानंतर चाकातून टकटक असा आवाज व मंद गतीलाही डुलणे सुरू झाले, तर गाडी तत्काळ थांबवून चाकाचे नट पाहावेत.

धावत्या गाडीत थरथर सुरू झाल्यास घाबरून ब्रेक जोरात दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी दृढ धरावे, पण हिसक्यांशी झुंजू नये. अंगठे चाकाच्या आत न घालता कडेवर ठेवावेत, कारण उलट हिसक्याने अंगठा मोडू शकतो. ॲक्सिलरेटर सोडावा, गाडीचा वेग आपोआप उतरू द्यावा, जरूर तर ब्रेक हलकेच लावावा आणि रस्त्याच्या डाव्या कडेस गाडी उभी करावी. थरथर थांबली म्हणून त्याच वेगाने पुढे निघणे हा शुद्ध अविचार होय.

प्रथम चाके पाहावीत

तपासणी स्वस्त व सोप्या गोष्टींपासून सुरू करावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, टायर थंड असताना, हवेचा दाब मोजावा व तो गाडीवर लावलेल्या पट्टीवरील अथवा माहितीपुस्तकातील अंकाशी जुळवावा. पुढील दोन्ही टायरांचा दाब सारखा हवा. मागे भार अधिक म्हणून मागच्या टायरांत भरलेला दाब पुढेही भरण्याची चाल अनेक ठिकाणी दिसते. ती योग्य नव्हे.

शेतावरच्या गाड्यांत एक कारण असे सापडते, की जे शहरातील कारागिराच्या चटकन लक्षात येत नाही. पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी बाहेर काढली, की रिमच्या आतील अंगास चिखल बसतो व वाळून दगडासारखा होतो. बाहेरून चाक स्वच्छ दिसते. हा चिखल एकाच बाजूस असेल, तर काय होते ह्याचा हिशेब करून पाहावा. चाकाचा व्यास ७० सेंटिमीटर धरल्यास ताशी ८० किलोमीटर वेगाला ते सेकंदास सुमारे १० फेरे घेते. मध्यापासून २० सेंटिमीटर अंतरावर पाव किलो माती चिकटलेली असेल, तर ती ह्या वेगाला चाकास सुमारे २० किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते, आणि ही ओढ सेकंदास १० वेळा दिशा फिरवीत राहते. वेग निम्मा केला तर हाच जोर चौथ्या हिश्शावर, म्हणजे सुमारे ५ किलोवर येतो. मंद गतीला गाडी शांत व हमरस्त्यावर बेजार का करते, ह्याचे उत्तर ह्या हिशेबात आहे. तेव्हा बॅलन्सिंगला पैसे देण्यापूर्वी चाक काढून आतील माती खरवडून धुवावी.

त्यानंतर चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे. रिमच्या कडेजवळ खडूचा तुकडा स्थिर धरला, तर रिम वाकलेली असल्यास ती एका ठिकाणी खडूस लागते व दुसऱ्या ठिकाणी दूर जाते. हा फरक दोन-तीन मिलिमीटरपेक्षा अधिक असेल, तर ती रिम पुढे वापरू नये. टायरवरून तळहात फिरवून कोठे फुगवटा आहे काय, हे पाहावे. आतील थर सुटलेला टायर बॅलन्सिंगने कधीही सुधारत नाही. तो केव्हा फुटेल ह्याचा नेम नसतो. रबर चढवून नवा केलेला टायर पुढील चाकास घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नट आवळताना एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळावेत, म्हणजे चाक हबवर सारखे बसते. निमुळत्या तोंडाचा नट असेल तर निमुळती बाजू रिमकडे हवी. चाक बसविल्यानंतर ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासावेत. पंक्चरवाल्याकडून निघालेल्या किती गाड्यांचे नट असे पुन्हा पाहिले जातात, ह्याचा विचार वाचकांनी स्वतःशीच करावा.

सांध्यांची परीक्षा

ह्या परीक्षेस दोन माणसे लागतात. विशेष हत्यारे लागत नाहीत. गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करावी, मागील चाकांस दोन्ही बाजूंनी दगड किंवा ओंडके लावावेत. जॅकखाली जाड फळी ठेवावी; पुढचा एक्सल उचलून तो भक्कम घोडीवर टेकवावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय.

चाक वर व खाली धरून आत-बाहेर हलवावे. ते हलले, तर ढिलाई चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे की किंगपिनमध्ये, हा प्रश्न पडतो. तो सोडविण्याची युक्ती सोपी आहे. सोबत्यास ब्रेक दाबून धरावयास सांगावे आणि चाक पुन्हा हलवावे. ब्रेक लागताच चाक व त्यामागील जोडकाम एकजीव होते, त्यामुळे बेअरिंगची ढिलाई लपते. हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा. तरीही चाक हलत राहिले तर किंगपिन व तिचे बुश झिजले आहेत असे समजावे. काही गाड्यांत बेअरिंगला अगदी किंचित मोकळीक राखावी लागते. ती किती हे माहितीपुस्तकातून पाहावे. ओढ्यातून ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरते, तेव्हा नुसते आवळून न भागवता ती उघडून, धुऊन नवे ग्रीस भरावे.

मग चाक डाव्या व उजव्या कडांनी धरून हलवावे. वर-खाली न हलणारे चाक असे धरल्यावर हलले, तर ढिलाई टाय रॉडच्या टोकांत किंवा पुढे स्टिअरिंगच्या जोडकामात आहे. ह्यापुढील परीक्षा मात्र चाके जमिनीवर टेकवून करावयाची, कारण भार असल्याशिवाय खरी ढिलाई दिसत नाही. हँडब्रेक लावून व गिअर न्यूट्रलला ठेवून सोबत्याने स्टिअरिंग थोडे डावीकडे व थोडे उजवीकडे असे सतत हलवीत राहावे. पॉवर स्टिअरिंगची गाडी असल्यास इंजिन चालू ठेवावे. आपण बाजूने वाकून एकेका सांध्यावर बोटे टेकवावीत व कपडे आणि हात पट्ट्यांपासून दूर ठेवावेत. चांगल्या सांध्याचे दोन्ही भाग बरोबरीने हलतात. झिजलेल्या सांध्यात एक भाग आधी हलतो, दुसरा क्षणभर मागे राहतो, आणि तो बारीक ठोका बोटांना स्पष्ट जाणवतो. टाय रॉडची दोन्ही टोके, ड्रॅग लिंक, पिटमन आर्म आणि शेवटी स्टिअरिंग बॉक्स अशा क्रमाने जावे. बॉक्स ज्या बोल्टांनी चॅसीसला जखडला आहे, ते बोल्ट व तेथील चॅसीसचा पत्रा अवश्य पाहावा. जुन्या गाड्यांत तेथे तडे जातात, आणि मग बाकीचे सर्व सांधे नवे घातले तरी थरथर जात नाही.

स्टिअरिंग दोन बोटांपेक्षा अधिक फिरूनही चाके हलत नसतील, तर बॉक्सवरील स्क्रू आवळून देण्याची रीत आहे. तो स्क्रू माहितीपुस्तकाबाहेर आवळल्यास स्टिअरिंग जड होते, वळणानंतर सरळ येत नाही व आतील दाते लवकर झिजतात. इतर सांधे ठीक आहेत अशी खात्री झाल्यावरच त्यास हात लावावा. टाय रॉडचे टोक झिजले असता ते बदलावे. त्यावर वेल्डिंग करणे अथवा वाकलेला रॉड तापवून सरळ करणे सर्वथा वर्ज्य होय. तापविल्याने लोखंडाचा कणखरपणा जातो व तो पुढे न सांगता तुटतो. नव्या सांध्याबरोबर स्प्लिट पिनही नवी घालावी.

पाटे व त्यांची बांधणी

पाट्यांच्या गाडीत एक्सल जागच्या जागी ठेवण्याचे काम पाटेच करतात, म्हणून त्यांची बांधणी सांध्यांइतकीच महत्त्वाची आहे. यू-बोल्ट ढिले झाले, मधला बोल्ट तुटला किंवा शॅकलचे बुश संपले, म्हणजे एक्सल स्वतःच पुढेमागे सरकतो. एक्सलच्या जागेवर पाट्याजवळ गंजाची ताजी तांबूस भुकटी किंवा घासून चकाकलेली कड दिसली, तर तेथे हालचाल आहे असे ओळखावे. यू-बोल्ट गाडीचा भार पाट्यांवर असताना आवळावेत आणि नवे घातल्यास पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. काही गाड्यांत एक्सल व पाटा ह्यांमध्ये पाचर घातलेली असते. कास्टरचा कल तीच राखते. पाटे उतरवून पुन्हा चढविताना ती उलटी बसली, तर कल बिघडतो व सर्व काही नवे असूनही गाडी हेलकावते. म्हणून सोडण्यापूर्वी पाचरेच्या जाड बाजूवर खूण करून ठेवावी.

येथे एक उदाहरण देणे उपयुक्त होईल. जुन्नर तालुक्यातील एका टोमॅटो उत्पादकाच्या पिकअपमध्ये पुढचे दोन टायर नवे घालून व स्टिअरिंग डँपर बदलूनही महिन्याभरात थरथर परत आली होती. वर सांगितल्याप्रमाणे ब्रेक दाबून परीक्षा केली, तेव्हा डावे चाक हलतच राहिले. त्या बाजूच्या किंगपिनच्या ग्रीस निप्पलात चिखल घट्ट बसलेला होता. ग्रीसगन दर खेपेस लावली जात असे, पण ग्रीस आत न जाता बाहेरच लोंबत असे, आणि धुण्याच्या यंत्राचा जोरदार फवारा तेही वाहून नेत असे. बुश कोरडे झिजून अंडाकृती झाले होते. किंगपिन व बुशचा संच दोन्ही बाजूंस नवा घातला, निप्पल बदलले, आणि थरथर गेली.

डँपरविषयी ह्यावरून काय समजावे? डँपर हा धक्के गिळणारा भाग आहे, सांधे धरून ठेवणारा नव्हे. तेल गळणारा डँपर अवश्य बदलावा. पण ढिल्या सांध्याच्या गाडीस नवा डँपर म्हणजे ठणकणाऱ्या दाढेवर लवंग. ज्या काळात त्रास जाणवत नाही त्याच काळात सांधा अधिक झिजत राहतो, म्हणून असा उपाय मला अपायकारकच वाटतो.

ग्रीस भरताना निप्पल आधी पुसावे, आणि जुने काळे ग्रीस कडेने बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत भरावे. एक्सल उचलून धरल्यास किंगपिनवरील भार हलका होतो व ग्रीस दाबाच्या जागेपर्यंत पोचते. गाडी फवाऱ्याने धुतल्यावर किंवा पाण्यातून गेल्यावर पुढील मुदतीची वाट पाहू नये.

माल भरण्याची पद्धत

दोष नसलेली गाडीही चुकीच्या भरणीने हलकी धावते, आणि थोडी ढिलाई असलेल्या गाडीत तर भरणीमुळेच थरथर प्रकट होते. मागील फळी उघडून तिच्यावर कॅरेट रचण्याची सवय पुष्कळ आहे. प्रत्येकी २० किलोचे १० कॅरेट मागील चाकांच्या मध्यरेषेपासून १ मीटर मागे ठेवले, आणि गाडीच्या पुढील-मागील चाकांत ३ मीटर अंतर असेल, तर तराजूच्या न्यायाने पुढील चाकांवरील सुमारे ६७ किलो भार उचलला जातो. शिवाय गाडीचे शेपूट बसल्यामुळे किंगपिन अधिक मागे कलते. हा कल प्रमाणाबाहेर गेला की हेलकाव्यास आमंत्रणच मिळते. जड माल केबिनच्या बाजूस व मागील चाकांच्या पुढे यावा, एकूण वजन परवान्यावरील मर्यादेत राहावे. अधिक माल बसावा म्हणून मागे पाटे वाढविल्यास रिकाम्या गाडीचे शेपूट उचलले जाते, कल उलट कमी होतो व गाडी रस्ता धरून चालत नाही. तो कल पुन्हा मोजून घेतल्याशिवाय पाटे वाढवू नयेत.

दुरुस्तीनंतर

टाय रॉडचे टोक, किंगपिन अथवा पाटे ह्यांपैकी काहीही बदलले, तर चाकांची रेषा जुळविणे आवश्यक आहे. जवळ अलाइनमेंटचे यंत्र नसल्यास तात्पुरती तपासणी शेतावरही होते. चाके सरळ ठेवून दोन्ही पुढील टायरांच्या मध्यभागी, एक्सलच्या उंचीवर, पुढील अंगास खडूने खूण करावी व त्या दोन खुणांतील अंतर पट्टीने मोजावे. नंतर गाडी पुढे ढकलून त्या खुणा त्याच उंचीवर मागील अंगास आणाव्यात व पुन्हा मोजावे. बहुतेक अशा गाड्यांत पुढील अंतर मागील अंतरापेक्षा काही मिलिमीटरच कमी असते. नेमका अंक माहितीपुस्तकात दिलेला असतो. फरक फार आढळला, तर गाडी सावकाश यंत्रापर्यंत न्यावी.

चाचणी ज्या रस्त्यावर थरथर होत असे त्याच रस्त्यावर, वर्दळ नसताना घ्यावी. प्रथम रिकामी गाडी, मग भरलेली. वेग पायरीपायरीने वाढवावा. एका वेळी एकच भाग बदलावा व तो बदलल्याची तारीख आणि मीटरवरील किलोमीटर गाडीतील वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे कोणत्या कामाने काय फरक पडला हे कारागिरास दाखविता येते. परत आल्यावर चाकांच्या हबला हात लावून पाहावा. एक हब दुसऱ्यापेक्षा बराच अधिक तापलेला असेल, तर त्या बाजूचे बेअरिंग प्रमाणाबाहेर आवळले गेले आहे किंवा ब्रेक धरून राहत आहे. ते दुसऱ्या दिवशीच्या खेपेपूर्वी उघडून पाहावे.